‘चंद्रतळ’ वाचणारी माणसं

पुस्तक लिहून काय मिळालं, असं लोक विचारतात. मी म्हणतो, किस्से! कुठंही जा, एखादा वाचक भेटतो आणि एक हातात ठेवून जातो. वहीत लिहून ठेवायची गरजच पडत नाही. दोस्तांना सांगून सांगून पाठ झालेत.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी लातूरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक. टीव्हीवर ‘चंद्रतळ’ नावाची जादूची मालिका लागायची. तिची नायिका वैजयंती शापानं दगड होऊन तळ्याच्या तळाशी पडली, आणि मालिकाच बंद झाली! मी दिवाळी अंकांत अधूनमधून लिहायचो, म्हणून एका प्रकाशकानं तिच्यावर कादंबरी लिहायचं काम मला दिलं. मी सगळी गोष्ट लिहिली आणि राहिलेला शेवट स्वतःच्या डोक्यानं केला.

*

पहिली प्रत दिली आमच्या शाळेतून रिटायर झालेल्या देशपांडे सरांना. मराठीचे कडक मास्तर. मुखपृष्ठ बघूनच म्हणाले, "सिरियलवरून कादंबरी? म्हणजे उष्टं ताट!"

पंधरा दिवसांनी पुस्तक परत आलं. पानापानावर लाल शाई. ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार, काही सोडलं नव्हतं. माझं तोंड उतरलं.

एका पानावर मात्र व्याकरणाची एकही खूण नव्हती. तिथं वैजयंतीचा घोडा मरतो. शेजारी समासात लिहिलं होतं, "हा मरायला नको होता."

मी भीत भीत विचारलं, "सर, ही कोणती चूक?"

सरांनी चष्मा काढला. "गप रे! दोन दिवस पुढं वाचवलं नाही मला."

*

औशाहून एसटीनं येत होतो. शेजारच्या प्रवाशाला प्रकाशकाशी झालेलं बोलणं सांगत होतो, ते कंडक्टरनं ऐकलं.

"चंद्रतळवाले तुम्हीच का?"

"हो."

"मग त्या पोरीला दगड का केलं ओ? माझी बायको दोन दिवस जेवली न्हाई!"

"अहो, दगड सिरियलवाल्यांनी केलं. मी तर सोडवलं!"

कंडक्टर बघतच राहिला. मग वळून गाडीला ओरडून म्हणाला, "ऐका! वैजयंती सुटली! ह्या सायबानं सोडवली!"

मागच्या सीटवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहून नमस्कार केला. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती. कंडक्टर म्हणाला, "बसा आता सायेब, ब्रेक लागला तर पडताल!"

*

कंधारकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. नाव बालाजी.

"सर, आमच्या बैलाचं नाव कालदंड ठेवलंय."

कालदंड म्हणजे आमचा खलनायक! मी म्हणालो, "अहो बालाजीराव, दुसरं नाव नाही सापडलं?"

"लई मारका हाय. आतापोतर तिघांना उडवलंय. पण तुमच्या पुस्तकात कालदंड शेवटी सुधरतो ना?"

"हो, सुधारतो."

"म्हणून तर ठेवलं! वाट बघून राहिलो."

*

मुरुडचे रफीकभाई टेलर. एका शाळेच्या गॅदरिंगसाठी त्यांनी वैजयंतीचा पोशाख शिवायला घेतला. माप कुठलं? माझं पुस्तक! मला फोन.

"सर, तुम्ही लिहिलंय, सात घेरांचा घागरा. आणि पुढच्याच पानावर ती उडी मारून घोड्यावर बसते."

"बरोबर."

"काय बरोबर? सात घेरांत पाय उचलल का पोरगी? तोंडावर पडल! चाळीस वर्सं शिवून राहिलो, मला सांगता?"

दुसऱ्या आवृत्तीत मी गपचूप चार घेर केले आणि एक प्रत रफीकभाईंना पाठवली. आता दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ते ती दाखवतात. "ही किताब आपण अल्टर केलीय!"

*

आता शेवटचा. हा सांगताना माझा आवाज थोडा बदलतो, तेवढं सांभाळून घ्या.

नांदेडला पुस्तक प्रदर्शन होतं. मी स्टॉलवर बसलो होतो. साठीच्या एक बाई आल्या. नाव गंगाबाई. लुगडं, हातात पिशवी. पिशवीतून ‘चंद्रतळ’ काढलं. पानं मळलेली, पाठ सुटलेली, दोऱ्यानं शिवलेली.

"ही प्रत कुणाची, मावशी?"

"माझी. नात वाचून दाखवायची. अर्ध्यात आली अन् ती शिकायला गेली, होस्टेलला. म्या म्हणलं, आता पुस्तकातल्या त्या पोरीचं काय झालं, कोण सांगल?"

"मग?"

"मग काय! शेजारच्या मास्तरीणबाईकडं गेले. अ पासून सुरू केलं. वरीस लागलं, पण वाचलं. सगळं."

पुस्तक हातात घेतलं, पहिलं पान उघडलं आणि सही करायला पेन काढला.

गंगाबाईंनी माझ्या हातातून पेन घेतला.

"तुमची सही नगं, सर. तुम्ही बसा. माझी बघा."

आणि ओठ दाबून, एकेक अक्षर कोरत, त्यांनी माझ्या छापील नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं.