ताईनं निवडलेले चॅनल

दाजींचा फोन आला तेव्हा मी बावधनच्या मंडईत मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फोनवर ते कधी थोडक्यात बोलत नाहीत. माणच्या रस्त्यावरची गर्दी, वरच्या खोल्यांतले भाडेकरू, टाकीचं पाणी, सगळं सांगून झाल्यावर मुद्द्यावर येतात. त्या सकाळी ते एवढंच म्हणाले, "मालन, ये." काय झालं हे मी विचारलं नाही. या फोनला मी कित्येक दिवस भीत होते. भाजीची पिशवी तिथंच राहिली. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की मेथीची जुडी मात्र मी घट्ट धरून ठेवली आहे...

विजयाताईला जाऊन आता काही आठवडे झाले. ती माझ्याहून बरीच मोठी. आई सतत आजारी, त्यामुळे माझी वेणी घालणारी, मला शाळेत नेऊन सोडणारी तीच. लग्नानंतर ती माणला आली आणि घरातच तिनं शिवणक्लास काढला. आसपासच्या शेतांवर आयटी कंपन्या उभ्या राहिल्या तरी तिचा क्लास चालूच होता. पूर्वी बायका ब्लाउज शिकायला यायच्या, नंतर कंपन्यांत काम करणाऱ्या मुली जीन्स आखूड करून घ्यायला येऊ लागल्या. ताई कापडावर खडूची एक रेघ मारायची आणि कात्री अशी चालवायची की कापड आपणहून बाजूला होतंय असं वाटावं. बोलणं मात्र सडेतोड. एखादीची शिवण वाकडी गेली तर म्हणायची, "उसव. रडू नको, उसव."

त्या कात्रीपासूनच सगळं सुरू झालं. कात्रीला धार राहिली नाही म्हणून ताईनं ती धारवाल्याकडं दिली. थोड्या दिवसांनी पुन्हा दिली. तिसऱ्यांदा धारवाला म्हणाला, "बाई, कात्री चांगली हाय. तुमचा हात दाखवा कुनाला तरी." हे ताईनं मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. मला आमचे वडील, आबा आठवले.

मी शाळेत असताना आबांच्या हातून पाण्याचा तांब्या निसटला होता. मग शर्टाची बटणं लागेनात, मग घास तोंडापर्यंत जाईना. अंगावरून वारं गेलं असं गावात सगळे म्हणाले. पौडच्या पुढं आमचं घर, तिथल्या पुढच्या खोलीत आबा पडून असायचे. त्यांच्या दंडावरचं मांस आपोआप फडफडायचं, कातडीखाली किडा फिरावा तसं. ते बघायला नको म्हणून मी त्यांना पाणी द्यायला जाताना मान खाली घालत असे. आबा गेले. त्यांना काय झालं होतं हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

पुण्यातल्या डॉक्टरांनी ताईच्या तपासण्या केल्या आणि आम्हा दोघींना समोर बसवलं. स्नायूंची ताकद हळूहळू जाण्याचा हा आजार आहे, थांबवता येत नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग विचारलं, "घरात आधी कुणाला होतं का?" आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "आबांना." डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि ताईकडं न बघता माझ्याकडं बघितलं. ती नजर अजून मला विसरता येत नाही. घराण्यात उतरणारा प्रकार असू शकतो, ताईच्या रक्तात दोष सापडला तर तुमचंही रक्त तपासता येईल, असं ते म्हणाले. ताईच्या रक्तात तो सापडला. माझं रक्त द्यायला मी काही केल्या जाईना.

त्याच सुमारास ताईनं स्वयंपाकघर बदलायचं ठरवलं. "मी खुर्चीत बसनार, तवा वरची फळी माझ्या काय कामाची? सगळं खाली घ्या." तयार स्वयंपाकघर करून देणाऱ्यांनी चकचकीत चित्रं दाखवली, पण चाकाच्या खुर्चीच्या मापाचं करून द्यायला कुणी राजी होईना. दाजी कारखान्यात फिटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. ते म्हणाले, "मीच करतो." अंगणात पत्र्याखाली त्यांनी प्लायवूड आणून टाकलं. खोकी भराभर तयार झाली. अडलं ते चॅनलवर. ड्रॉवर ज्या पट्ट्यांवर आतबाहेर सरकतो ते चॅनल. ताई म्हणाली, "ते मी निवडनार. तुमच्या हातात जोर हाय, तुमाला काय कळायचं?"

तिला घेऊन मी बावधनच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. भिंतीला नमुन्याचे ड्रॉवर लावलेले होते. दुकानदारानं आधी आपणहून हळू मिटणारा, आवाज न करणारा प्रकार दाखवला. "ताई, सगळे हाच नेतात." ताईनं करंगळी अडकवून ओढलं. ड्रॉवर हलला नाही. पुन्हा ओढलं, करंगळी निसटली. "मिटतंय गुपचूप," ती म्हणाली, "पन उघडताना हिसका मागतंय. हिसका कुटनं आनू?" साधा, छर्‍यांवर सरकणारा चॅनल तिला जमला. दुकानदार तोच बांधायला लागला, तेव्हा ताई म्हणाली, "थांबा. आज बोट चालतंय. दिवाळीला कोपर चालंल. फुडं नुसता गुडघा ऱ्हाईल. गुडघ्यानं उघडंल असं काय हाय का?" दुकानदारानं सुतळी बाजूला ठेवली. मग त्यानं आतून एक वेगळा प्रकार आणला. ड्रॉवरला समोरून जरासं दाबलं की आतली स्प्रिंग त्याला चार बोटं बाहेर ढकलते, मूठसुद्धा लागत नाही. ताईनं कोपरानं दाबलं आणि ड्रॉवर पुढं आला. तिला असा आनंद झाला की तिनं तो पाच-सहा वेळा उघडला, मिटला.

ती दुकानदाराशी बोलत होती तेवढ्यात मी गुपचूप पहिल्या, हिसका मागणाऱ्या ड्रॉवरमध्ये माझ्या डाव्या हाताची करंगळी अडकवली. ओढली. निसटली. तळहाताला घाम होता म्हणून निसटली असेल... उजव्या हातानं ओढलं, उघडला. पुन्हा डाव्या हातानं, पुन्हा निसटली. मागं वळले तर ताई माझ्याकडं बघत होती.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. धुणं पिळताना डाव्या हाताकडं लक्ष. बरणीचं झाकण निघेना झालं की मी तेच पुन्हा उजव्या हातानं काढून बघायचे. पोटरीचं मांस एकदा फडफडलं, तर दुपारभर मी साडी वर करून पोटरीकडं बघत बसले होते. घरात कुणाला सांगितलं नाही. ताईकडं जायचीही भीती वाटे, कारण तिच्यात रोज थोडं कमी झालेलं दिसे आणि मला ते माझंच पुढचं दिसे.

दाजींना ते स्प्रिंगचे चॅनल काही लवकर साधेनात. फट जराशी कमी झाली तर ड्रॉवर उघडेना, जास्त झाली तर नुसत्या धक्क्यानं उघडे. वरच्या खोलीतल्या पोरांनी जिन्यावरून उड्या मारल्या की खाली तिन्ही ड्रॉवर बाहेर! दाजी पुन्हा खोलत, पुन्हा बसवत, आणि दर वेळी आधी स्वतः कोपरानं, गुडघ्यानं दाबून तिला दाखवत. एके दिवशी मी गेले तेव्हा ताई खुर्चीत बसून गुडघ्यानं एकेक ड्रॉवर उघडून दाखवत होती. मला म्हणाली, "तू बी उघड." मी हात पुढं केला. "हातानं न्हाई, गुडघ्यानं." मी पदर सावरत मागं सरकले. ताई हळू आवाजात म्हणाली, "माले, दुकानात मी बघितलं हुतं. किती दिस अशी मरनार हायस? जा, रक्त दे."

मी गेले. निकाल यायला वेळ लागला. तो आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोष तुमच्यात उतरलेला नाही. डावा हात? मनगटाची शीर दबली आहे, व्यायामानं सुटेल. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडले आणि मग माणला जायचं टाळत राहिले. ज्या बाईला तो दोष आहे तिला काय तोंडानं सांगायचं? शेवटी गेले. ताईनं माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पुसायला हात वर जाईना, मी पदरानं पुसलं. आपल्या दुखण्याला ती एकदाही रडली नव्हती. म्हणाली, "सुटलीस. लई भ्याले हुते मी तुझ्यापायी." आणि मग, तिच्या नेहमीच्या सडेतोड आवाजात, "आता सोताचं भ्यानं बास. आता जरा माझ्याकडं बघ."

मी बघू लागले, तेव्हा खरी भीती काय असते ते कळलं. पाण्याचा घोट चुकीच्या वाटेनं जायचा आणि तिचा चेहरा काळानिळा पडायचा. श्वासाचं यंत्र आलं. वीज गेली की त्याची बॅटरी चालू होईपर्यंतच्या क्षणात दाजी आणि मी एकमेकांकडं बघायचो. दिवाळीचं तिचं गणित चुकलं, कोपर त्याआधीच गेलं. पण गुडघा टिकला. एका दुपारी ती तुटक तुटक म्हणाली, "माले... मला लई भ्या वाटतंय." आयुष्यात पहिल्यांदा. काय करू, विचारलं. "ओट्याकडं ने." मी खुर्ची ढकलत नेली. तिनं गुडघा टेकवला. पहिल्यांदा काही झालं नाही. दाजींनी पुढं व्हायला पाऊल उचललं, तिनं डोळ्यांनीच थांबवलं. पुन्हा टेकवला. ड्रॉवर चार बोटं पुढं आला. आत चहा-पोह्यांचे डबे. ती त्या डब्यांकडं बघत राहिली, तिचा श्वास हळूहळू संथ झाला. मी तिचा हात धरून बसले होते. तो हात काहीच धरत नव्हता, मीच धरून होते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी, दाजी तिच्यासाठी पेज गार करत असताना ती गेली.

परवा मी माणला गेले. खुर्ची, यंत्र, सगळं दाजींनी गरजूंना देऊन टाकलंय. स्वयंपाकघर मोकळंमोकळं वाटलं, आत पाऊल टाकायचीही मला भीती वाटली. दाजी म्हणाले, "बस, च्या टाकतो." गॅसवर पातेलं ठेवलं, आणि साखरेसाठी वळून त्यांनी कोपरानं ड्रॉवर दाबला. तो पुढं आला, तसा मनगट अडकवून ओढला. दोन्ही हात रिकामे, कारखान्यात उमेदीची वर्षं राबलेले ते दणकट हात.

"दाजी," मी म्हणाले, "हात मोकळं हायेत की तुमचं."

ते थबकले. हातांकडं बघितलं. "व्हय की," म्हणाले. "तिला दाखवून दाखवून... सवय लागली."

मग चहाचा डबा राहिला म्हणून पुन्हा वळले, आणि खालचा ड्रॉवर त्यांनी गुडघ्यानं उघडला.