ठाकोरभाईंकडे ठेवलेली लग्नं

सुरतेच्या राणा शेरीत लग्न ठरलं की पहिला निरोप आचाऱ्याला जायचा आणि दुसरा ठाकोरभाईंना. जरीच्या कामातून सुटल्यावर खांद्यावर कॅमेरा घेऊन हा माणूस मांडवभर फिरायचा. नवरीचा मामा रुसला, जावयाचा जोडा पळवला, जेवणात रस कमी पडला, सगळं त्यांच्या कॅसेटीत. पैशांवरून कुणाशी हुज्जत घातल्याचं कुणाला आठवत नाही. भानुबेन, त्यांची बायको, म्हणायची, "स्वतःच्या लग्नात तेवढे शांत उभे राहिलात, बाकी सगळ्यांच्या लग्नात पळापळ."

मग तापीचा पूर आला. पाणी पहिल्या मजल्यावर चढलं आणि घरोघरच्या कॅसेटी चिखलात गेल्या. पाणी ओसरल्यावर लोक आधी धान्य आणि गाद्या बघत होते. ठाकोरभाई मात्र दारोदार जाऊन कॅसेटी गोळा करत होते. फीत सोडवायची, स्वच्छ पाण्यात धुवायची, पंख्याखाली वाळवायची आणि एकेक लग्न कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं. त्यातच त्यांचा सगळा हिवाळा गेला. काम झाल्यावर ते प्रत्येकाला सांगत, "ही कुजकी कॅसेट आता फेकून द्या. माझ्याकडे चार डिस्क आहेत. एक मेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचं सगळं सांगतात. काळजीच नाही."

लोकांनी फेकून दिल्या. कुणी प्रत मागून नेली, पण बहुतेकांनी नाही. ठाकोरभाई दोन घरं सोडून तर राहतात, हवं तेव्हा जाऊ, असं प्रत्येकाला वाटलं.

मधुबेनचं कारण वेगळं होतं. तिचा नवरा जयंती मागावर काम करायचा. पोर चालायला लागायच्या आत तो कावीळ होऊन गेला. ठाकोरभाईंनी प्रत देऊ केली तेव्हा ती म्हणाली, "नको भाई. घरात असली तर मी रोज बघेन आणि मग कामं कोण करेल? तुमच्याकडेच राहू दे." तेव्हापासून दर वसंतपंचमीला, लग्नाच्या तिथीला, ती यायची. मुलगा कमावता झाल्यावर ती नदीपलीकडे अडाजणला राहायला गेली, तरी यायची. पदर सावरून खुर्चीत बसायची, पाऊण तास बघायची, भानुबेनच्या हातचा चहा घ्यायची आणि जायची. जयंती फेट्याखाली घामाघूम होऊन कॅमेऱ्याकडे बघतो आणि "ठाकोर, पुरे कर आता," म्हणून हसतो, तिथे ती दरवेळी स्वतःशीच मान हलवायची.

कितीतरी वर्षं हे असंच चाललं. मधे कॉम्प्युटर बदलला, डिस्कही बदलल्या, पण त्या चारच राहिल्या. मग एका वर्षी दिवाळीनंतर कॉम्प्युटर टूं टूं करायला लागला. एक डिस्क मेली होती. ठाकोरभाई घाबरले नाहीत. उलट आपला हिशेब बरोबर निघाला म्हणून खूशच झाले. गॅरंटी होती, दुकानात जुनी देऊन नवी आणली, जागेवर बसवली आणि ती भरायला सोडली. आता तिघी जुन्या मिळून चौथीला सगळं सांगणार होत्या. त्याला दिवसभर लागणार होता. ठाकोरभाई समोरच बसून राहिले.

"आत सून अडलीय असे बसलात," भानुबेन म्हणाली. "जेवून घ्या."

दुपारी दुसऱ्या एका डिस्कमधून आवाज यायला लागला, नखाने पत्रा टोकरल्यासारखा. पडद्यावर सरकणारी पट्टी थांबली. ठाकोरभाईंनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आवाज वाढला. त्यांनी पुन्हा पुन्हा बंद करून चालू केला.

शेवटी त्यांनी नानपुऱ्याच्या केरसीला फोन केला. केरसी पारशी, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, तोंडाने फाटका आणि मनाने सोन्यासारखा. तो आला, कान लावून बसला आणि आधी वीज काढून टाकली.

"चालू-बंद केलंस?"

ठाकोरभाई पडदा पुसायला लागले.

"किती वेळा, डिकरा?"

"झालं असेल पाच-सहा वेळा."

केरसीने शिवी गिळली. "आत सुई तबकडीवर घासते रे. दरवेळी थोडं थोडं खरवडून निघतं. आणि पहिली मेलेली कुठाय?"

"दुकानात दिली. त्यांनी कंपनीला पाठवली."

"मग गेली ती." केरसीने घासणारी डिस्क बाहेर काढली. "एक मेली तर चालतं. दोन मेल्या की नाही चालत. चौघी एकाच दिवशी एकाच दुकानातून आणल्यास ना? एकीचं वय झालं तर बाकीच्यांचं नसेल झालं? याची दुसरी प्रत कुठंय?"

"चार डिस्क होत्या ना," ठाकोरभाई म्हणाले.

"ती प्रत नव्हे, ठाकोर. ते एकच घर, चार खांबांचं."

केरसीने दोन्ही चांगल्या डिस्कची आधी हुबेहूब नक्कल काढली आणि मूळच्यांना हात लावू दिला नाही. घासलेली डिस्क अहमदाबादला गेली, जिथे धूळ नसलेल्या खोलीत असल्या डिस्क उघडतात. ठाकोरभाई रोज फोन करायचे. तिकडची मुलगी रोज गोड आवाजात "काम चालू आहे, अंकल," म्हणायची. बाकी करण्यासारखं काहीच नव्हतं. शेरीत लोक विचारायचे, "आलं का हो आमचं?" जणू लग्नं गावाला गेली होती.

आलं ते असं. थांबेपर्यंत नवी डिस्क जेवढी भरली होती, तेवढी लग्नं शाबूत निघाली. घासलेल्या डिस्कवरचं बरंच खरवडून गेलं होतं, म्हणून त्यापुढच्या लग्नांचे तुकडे झाले होते. कुठलं कुठे ठेवलं गेलं, यात कुणाचा हात नव्हता. कांतीलालच्या तीन मुलींची लग्नं वाचली. त्यातल्या दोघी घटस्फोट घेऊन बसल्या होत्या. जयंतीचं लग्न वाचलं नाही.

केरसीने महिनाभर तुकडे जोडून पाहिले. प्रत्येक चित्रात राखाडी पट्टे होते आणि पट्ट्यांमधून अर्धामुर्धा मांडव दिसत होता. "यापुढे माझी अक्कल नाही चालत," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच एकही चेष्टा न करता घरी गेला.

ठाकोरभाईंनी वाचलेल्या लग्नांच्या दोन-दोन प्रती काढून घरोघरी पोहोचवल्या. बाकीच्यांना दारात उभं राहून सांगितलं. कुणी समजून घेतलं. कुणी म्हणालं, "तुम्हीच तर फेकायला लावलीत." अडाजणला मात्र त्यांचे पाय वळेनात.

"तुम्ही सांगताय की मी सांगू?" भानुबेन रोज विचारायची.

वसंतपंचमीला मधुबेन पोंकाची, म्हणजे ज्वारीच्या हुरड्याची, पिशवी घेऊन आली आणि खुर्चीत बसली. ठाकोरभाई उभेच राहिले. त्यांनी सगळं सांगितलं, दुकान, आवाज, स्वतः चालू-बंद केलं तेही.

"म्हणजे नाही?" तिने विचारलं.

"थोडं आहे. बघण्यासारखं नाही."

"लावा."

पट्टे सरकत राहिले. एक हार दिसला, कुणाचा तरी खांदा, फेट्याची किनार. आवाज तुटत होता. चेहरा यायच्या जागी राखाडी होतं. थोड्या वेळाने मधुबेनने हात वर केला. "बंद करा, भाई."

भानुबेनने चहा आणला. मधुबेनने कप हातात घेतला, पण प्यायली नाही.

"मी तुम्हाला बोल लावत नाही," ती म्हणाली. "पण खरं सांगू? तुमच्याकडे आहे म्हणून मी लक्षातच ठेवलं नाही. वर्षातून एकदा बघायचं, की झालं. आता डोळे मिटले तर मला तो घरच्या हार घातलेल्या फोटोतला दिसतो. हसताना कसा दिसायचा ते डोळ्यांपुढे येत नाही."

ठाकोरभाई सांगायला गेले की डावा दात थोडा पुढे होता, हसताना जयंती तो ओठाने झाकून घ्यायचा. बोलता बोलता त्यांना वाटलं, तो जयंती की त्याचा धाकटा भाऊ? दोन्ही लग्नं त्यांनीच टिपली होती. ते मधेच थांबले.

मधुबेन वाट बघत राहिली. मग तिने कप खाली ठेवला, "पोंक गरम आहे तोवर खा," म्हणाली आणि चपला घालून जिना उतरली.