निगडीच्या हॉलमध्ये बेस नव्हता

माझ्या बायकोला हे माहीत नाही. आमच्या गुरुवारच्या मंडळींना माहीत नाही. आणि ज्याच्याशी मी असं वागलो, त्याला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही धड सांगता येत नाही. पण सुरुवात केलीय, तर आता बसा थोडं.

आधी माझ्याबद्दल, कारण त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी दत्ता. वडील, आमचे अण्णा, लातूरकडून चाकणला आले, प्रेसशॉपमध्ये वर्षानुवर्षं उभं राहून पत्रा दाबला, आणि मला इंजिनिअर केलं. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेला पहिला माणूस मी. हे मी कुठेही, कुणालाही ताठ मानेनं सांगतो. ट्रेनी असताना ओव्हरटाइम करून मी स्वतःसाठी पहिली वस्तू घेतली ती बेस गिटार. अण्णांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "दोन तारा कमी हायत. म्हणून स्वस्तात दिली व्हय?"

मी समजावलं, की बेसला चारच जाड तारा असतात, गाण्याचा सगळा भार त्याच्यावर असतो. मग ऐकू का येत नाही, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अण्णा, असला की कळत नाही, नसला की कळतो." हे वाक्य मी पुढे शंभर जणांना ऐकवलं असेल. आणि मीच — पण थांबा, क्रमानं सांगतो.

तळवड्याला आमच्या सुनीलचं छोटं वर्कशॉप आहे. गुरुवारी त्या भागातल्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे मशिनं बंद. संध्याकाळी आम्ही बेसवाले तिथे जमतो. फक्त बेसवाले. गिटारवाल्यांना प्रवेश नाही, असं सुनीलनं खडूनं दारावर लिहिलंय. वाजवणं थोडं आणि भांडणं जास्त — जुने रॉक बँड, कुणाचा बेसवाला खरा, कुणाचं नाव उगाच मोठं झालं, कोण अजून शंभर वर्षं ऐकला जाईल. कुणी कंपनीतून येतो, कुणी आयटीतून. असा अड्डा पुण्यातसुद्धा नाही. तो आम्ही उभा केला, आणि त्याचा मला अभिमान आहे. आजही आहे.

माझा बँड ठरलेला. इंग्लंडच्या एका कारखान्यांच्या गावातून आलेला, जड, काळपट आवाजाचा. त्यांचा बेस ऐकला की मला प्रेसचा दणका ऐकू येतो. मी म्हणायचो, हा आपला बँड आहे राव, कामगारांचा. बाकीच्यांनी मान्य केलं होतं — त्या बँडबद्दल शेवटचा शब्द दत्ताचा.

मग केदार आला. प्राधिकरणातल्या बंगल्यात वाढलेला, लहानपणापासून क्लास लावून शिकलेला, वाकडला फ्लॅट, आयटीत नोकरी. गोड माणूस — हे सांगताना जीभ जड होते, पण होताच गोड. प्रत्येक वेळी सगळ्यांसाठी वडापाव घेऊन यायचा आणि आपला उरलाच नाही म्हणून दुसऱ्याचा अर्धा खायचा. वाजवायचा माझ्यापेक्षा चांगला. किती चांगला? तेव्हा विचारलं असतंत तर मी "थोडा" म्हटलं असतं.

एका गुरुवारी वाद रंगला होता, आणि तो हसत हसत मला म्हणाला, "भावा, तुला तो बँड आवडतो कारण तू चाकणचा आहेस. त्यांचं संगीत तू ऐकतच नाहीस, तू नुसती कंपनी ऐकतोस."

सगळे हसले. मीही हसलो. त्याला टोमणासुद्धा मारायचा नव्हता, मला माहीत आहे. पण ते लागलं. असं लागलं, की त्या दिवसापासून मी त्याच्या माघारी एकेकाला सांगत सुटलो — पोरगा हुशार आहे, पण हा बँड त्याला कळत नाही. त्याला घाम कुठे माहीत आहे? असलं काहीबाही.

पुढे आम्ही निगडीत एक हॉल घेऊन जुन्या रॉकचा कार्यक्रम करायचं ठरवलं. गाणी वाटली. माझ्या बँडचं गाणं — मी वर्षानुवर्षं घासत आलेलं — मंडळींनी केदारला दिलं. सुनील मला बाजूला घेऊन म्हणाला, तुला वाईट वाटू देऊ नको, त्याच्या हातात ते जास्त बसतंय. मी म्हटलं, छे रे, वाईट कशाचं.

आता आमची एक पद्धत सांगायला हवी. एक बेसवाला स्टेजवर असला की दुसरा मिक्सरवर बसतो. बाहेरचा साउंडवाला बेस दाबतो, असा आमचा अनुभव. बेसची काळजी बेसवाल्यानंच घ्यायची. एकमेकांवर तेवढा भरवसा. केदारच्या गाण्याला मिक्सरवर मी होतो. त्यानं स्वतःच मागून घेतलं होतं — दत्ता बसू दे, त्याचा कान पक्का आहे.

गाणं सुरू झालं. मिक्सरवर प्रत्येक वाद्याच्या आवाजाची एक पट्टी असते, वरखाली सरकणारी. पहिल्या कडव्यात मी केदारची पट्टी थोडी खाली घेतली. मग आणखी. कोपरानं चुकून लागली असं नाही, मशिन बिघडलं असं नाही. माझ्या बोटानं, बघून, शेवटपर्यंत खाली. स्टेजवर त्याच्यामागे त्याच्यापुरता छोटा अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकर, होता, त्यामुळे त्याला स्वतःचं वाजवणं ऐकू येत होतं. तो डोळे मिटून वाजवत होता. हॉलमधल्या मोठ्या स्पीकरमधून गिटार, ड्रम, गाणारा — सगळे होते. तोच नव्हता.

टाळ्या भरपूर पडल्या.

नंतर सुनीलनं विचारलं, बेस कुठे गेला होता? मी हॉलच्या छताला दोष दिला. केदारनं कुणाच्या तरी फोनमधलं रेकॉर्डिंग ऐकलं आणि माझ्याकडे आला. रागावला नव्हता. नुसता गोंधळला होता.

"दत्ता, माझा बेस कुठंय रे यात?"

"फोनमध्ये बेस येत नाही भावा," मी म्हटलं. "हॉलमध्ये कडक होता."

त्यानं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? पण मग त्यानं बायकोला विचारलं, ऑफिसच्या मित्रांना विचारलं — बेस कसा वाटला? त्यांनी शो मस्त झाला म्हणून सांगितलं, आणि वर विचारलं, बेस म्हणजे त्यातला नक्की कुठला? ते त्यानं आम्हाला हसून सांगितलं. पुढच्या गुरुवारी त्यानं वाजवलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वडापाव मात्र आणायचा. नंतर कधीतरी कळलं, की त्यानं बेस कुणालातरी देऊन टाकला.

मी? मी आमच्या अड्ड्यातला पहिल्या नंबरचा बेसवाला झालो. आता पिंपरी-चिंचवडमध्ये कुणालाही कार्यक्रमाला बेसवाला लागला तर फोन मला येतो. मी चांगला वाजवतो, खोटा विनय मला जमत नाही. फक्त एक — पहिला नंबर मोकळा कसा झाला, ते मला माहीत आहे.

मागच्या गुरुवारी केदार आला होता. विषय निघाला, की जुन्या बँडचे गाणारे आणि गिटारवाले लोकांना पाठ असतात, बेसवाल्यांचं मागे काय उरतं? मी नेहमीसारखं तावातावानं बोलणार, तेवढ्यात तोच बोलला. "काही उरत नाही राव. मी करून बघितलंय. निगडीला अख्खं गाणं वाजवलं, एकाही माणसाला ऐकू आलं नाही."

सगळे हसले. मी कपातला चहा पीत राहिलो.

एका माणसाला ऐकू आलं होतं. मिक्सरवर हेडफोन लावून एकच वाद्य वेगळं ऐकता येतं, त्याची पट्टी खाली असली तरी. पट्टी खाली केल्यावर मी हेडफोनवर केदारला लावलं होतं, चूक सापडावी म्हणून. चूक नव्हती. दुसऱ्या कडव्यानंतर जिथे मी कायम दणका देतो, तिथे तो थांबला. एक क्षण काहीच वाजवलं नाही, आणि मग इतक्या खालून, इतक्या सावकाश आत आला, की मला ते गाणं पहिल्यांदा कळलं. हा बँड याला कळत नाही असं मी ज्याच्याबद्दल सांगत फिरत होतो, तो हे वाजवत होता. गाण्याचं निम्मं अजून बाकी होतं. मी शेवटपर्यंत ऐकलं, आणि पट्टी वर केली नाही.