ओला पेंढा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आणि आता सांगतानाही राग आवरत नाही. परवा पुन्हा कुणीतरी म्हणालं, "सहल काढावी तर तुम्हीच, सगळं कसं चोख." चोख?

उघड्यावर झोपताना थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त येते. म्हणून खाली हातभर पेंढा, त्यावर गोणपाट, मग चादर. कानांना मफलर, पायांत कोरडे मोजे. सत्तरच्या दशकात आम्ही मित्र पौषात तुंगारेश्वरच्या जंगलात मुक्कामाला जायचो, तेव्हा ही व्यवस्था माझ्याकडे असे. पेंढा आमच्या बोळिंजच्या घरचा, बैलगाडी आमच्यातल्याच भुईगावच्या इनासची.

एका वर्षी मी पेंढ्याचे भारे आदल्या रात्री अंगणात उघडेच ठेवले. मांडवाखाली न्यायचा कंटाळा — दुसरं काय? रात्रभर दव पडलं. सकाळी भारे चढवताना इनास म्हणाला, "अरे, हाताला ओला लागतोय."

"चल रे, उन्हात वाळेल," मी म्हणालो आणि त्याला गाडी घेऊन पुढे धाडलं; आम्ही बाकीचे मागून चालत गेलो. गाडीत दाबून भरलेला पेंढा वाळतो कधी? शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला हे कळत नव्हतं?

रात्री ओल चादरीतून वर आली. कुणाचा डोळा लागला नाही. शेवटी सगळे शेकोटीभोवती कुडकुडत बसले आणि विचारू लागले — पेंढा भिजला कसा? आणि मी — मी म्हणालो, "इनासने गाडी ओढ्यातून घातली असणार."

असणार. किती बेताने निवडलेला शब्द. धडधडीत खोटं बोलायचीही हिंमत नव्हती माझ्यात.

इनास समोरच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि एक लाकूड विस्तवात सरकवलं.

"काय रे इनास, आंघोळ बैलांना घातलीस की पेंढ्याला?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो. बैलांना जिवापाड जपणारा, गाडी पुसून ठेवणारा माणूस — आणि त्याला निष्काळजी ठरवलं कुणी?

पुढच्या हिवाळ्यात गाडी मागायला गेलो, तर म्हणाला, "गाडी ने तू. मी नाय येत." तो पुन्हा कधीच आला नाही.

आणि मी? गाडी घेऊन गेलो. दर हिवाळ्यात नव्याने येणाऱ्यांना झोपायची तयारी समजावत राहिलो — पेंढा कोरडा ठेवा, इनाससारखं करू नका.