फीत न कापलेल्या पुलावरून चंद्रपूरला

नर्सिंगच्या मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला, "तुह्यासंगं कोण जाईन?" बाबांनी लाकूड डेपोतून रजा काढली आणि ऐंशीच्या दशकातल्या एका पहाटे आम्ही अहेरीहून चंद्रपूरच्या एसटीत बसलो.

रस्ता कागदावर राज्यमार्ग होता. आलापल्लीच्या सागवनात तो मधूनमधून दिसायचाही. मागची सीट घेऊ नका, हा सल्ला आजही देईन. गोंडपिपरीला मात्र उतरा. तिथली गरम भजी खाऊन हाडं जागेवर आल्यासारखी वाटतात.

पुढं एका नाल्यावर नवा कोरा पूल होता. त्यावर लाल फीत, बाजूला मांडव आणि एक पोलीस शिपाई. खालचा जुना रस्ता मांडवासाठी खणून टाकलेला.

"उद्घाटन व्हाचं हाय," शिपाई म्हणाला. "मंत्रीसाहेब निघाले हायेत."

"कुठून?" ड्रायव्हरनं विचारलं.

"ते मले नाई सांगितलं."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. ऊन चढत गेलं, साहेब येईनात. मुलाखत दुपारची. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बाबांनी पाहिलं आणि ते खाली उतरले. खाकी कपडा दिसला की रस्ता बदलणारा हा माणूस.

"भाऊ, हुकूम काय हाय?"

"फीत कोणी कापाची नाई."

"सोडाची नाई, असं म्हणलं काय?"

शिपायानं बराच विचार केला. "तसं नाई म्हणलं."

बाबांनी गाठ सोडली, फीत हातात धरून बाजूला उभे राहिले. बस पलीकडं जाऊन थांबली. मग त्यांनी पुन्हा नीट गाठ मारली आणि धावत येऊन बसले. मी त्यांचे हात माझ्या हातात घेतले.

मुलाखतीला वेळेत पोचले. निवडही झाली.

घरी आईनं प्रवास विचारला तर बाबा म्हणाले, "रस्त्यात थोडा टाइम लागला."

पुढं नोकरीत त्या रस्त्यानं खूप फिरले. आता तो गुळगुळीत आहे, जंगल निवांत बघता येतं. पण माझ्याजवळ त्या प्रवासातलं उरलंय ते वेगळंच. त्यानंतर कितीतरी दिवस घरासमोर सरकारी जीप थांबली की बाबा उठून आत जायचे. जीप गेल्यावर बाहेर येत म्हणायचे, "पाणी प्याले गेलो होतो."