पूल झाल्यावरचा नारळ

आमदार कुमुदताई घाडीगावकर यांच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथात मी लिहावं, असा निरोप आला तेव्हा मला हसूच आलं. मी त्यांच्या पक्षाचा नाही आणि हे त्यांना पहिल्या भेटीपासून ठाऊक आहे.

त्या भेटीला कारण झाला नाहूरचा नाल्यावरचा पूल. जुना पूल मोडकळीला येऊन बंद झाला होता आणि स्टेशनला जायला आम्हाला मोठा वळसा पडत होता. नव्या पुलासाठी आधीच्या पुढाऱ्यांचे नारळ फोडून झाले होते, पूल मात्र नव्हता. रहिवासी संघाचा चिटणीस म्हणून मी ताईंच्या कार्यालयात गेलो आणि टेबलावर एक नारळ ठेवला. म्हटलं, "घ्या, तुम्हीही फोडा."

ताईंनी तो उचलून माझ्याच हातात दिला. "पूल झाला की तुम्हीच फोडा, चिटणीस. खोबरं खायला मी येईन."

गिरणी कामगाराच्या घरातून आलेल्या ताई सभागृहात लांबलचक भाषणं करत नाहीत. मंत्र्यांनी "तपासून पाहू" म्हटलं की त्या एवढंच विचारतात, "कोण तपासणार?" पुलाची मंजुरी त्यांनी अशीच मिळवली.

अडलं ते नाल्याकाठच्या घरांवर. ती हटवावी लागणार होती आणि पर्यायी जागा ठरली नव्हती. तोवर निवडणूक तोंडावर आली. कार्यकर्त्यांनी भूमिपूजनाचा मांडव घातला, भटजी बोलावले, आम्ही पहिल्या रांगेत जाऊन बसलो. काठावर राहणाऱ्या सुलभा मयेकर उठून पुढे आल्या.

"ताई, आमी खंय जावचा?"

ताईंनी कार्यकर्त्यांकडे पाहिलं. "यांची जागा ठरली?"

"ते बघू ना नंतर! आचारसंहिता लागली तर वाट लागेल, ताई. तुम्ही फक्त नारळ फोडा."

"मग मांडव उतरवा," ताई म्हणाल्या.

आम्ही चिडलो आणि चिडूनच मतदान केलं. त्या निवडणुकीत ताई पडल्या. त्यांना पाडणाऱ्यांत माझंही मत होतं.

पद गेल्यावरही त्या काठावरच्या घरांच्या जागेसाठी सरकारी कचेऱ्यांत जात राहिल्या. फरक एवढाच, की आता बाहेरच्या बाकावर ताटकळावं लागे. त्याच काळात माझी पत्नी आजारी होती. ताई एकट्याच, कार्यकर्त्यांशिवाय, तिची विचारपूस करायला येत. पुलाचा विषय मी काढायचो, निवडणुकीचा मात्र दोघंही टाळायचो. अखेर मयेकरांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना जवळच घरं मिळाली आणि पुलाचं काम मार्गी लागलं.

उद्घाटन नव्या आमदारांनी केलं. ताई गर्दीत मागे उभ्या होत्या. पाहुणे गेल्यावर मी पिशवीतून नारळ काढला आणि पुलाच्या पायरीवर फोडला.

"मत दिलं होतंत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग खोबरं तरी मोठं द्या," म्हणत त्या खळखळून हसल्या. शेजारी मयेकरबाई डोळे पुसत होत्या. ताईंबद्दल मला वाटणारा आदर त्या दिवसापासूनचा आहे.

पुढच्या निवडणुकीत नाहूरने त्यांना परत विधानसभेत पाठवलं आणि आजही त्या तिथे आहेत. तेव्हा माझं मत कुणाला गेलं, ते मी सांगणार नाही. त्या ओळखून आहेत.

ताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. आमच्या भागातल्या दवाखान्याचं काम अजून अर्धवट आहे. नारळ मी आणून ठेवला आहे. खोबरं खायला त्यांनी यायचं आहे.