म्हशीसमोरचा धडा

सीताबर्डीमागच्या आमच्या गल्लीतला गवळी गिऱ्हाइकांशी फारसा बोलत नसे. बोलायचा तो म्हशीशी, तेही तिचं काही चुकलं तरच. माझी मुलगी चौथीत गेली तरी एकेक अक्षर जुळवत वाचायची आणि वर्ग हसायचा. हे त्याच्या कानावर गेलं, तेव्हा तो तिला म्हणाला, "म्हशीले वाचून दाखव वं. म्हैस हासत नाही."

मग रोज संध्याकाळी ती गोठ्यात सरकीच्या ढेपेच्या पोत्यावर बसून वाचू लागली. ती शब्दाशी अडली की धार काढणारे त्याचे हातही थांबत. शब्द तो सांगत नसे. मी एकदा सांगितला, तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमाले दूध पाहिजे ना भाऊ? मंग थांबा."

सहामाहीत ती नापास झाली आणि तिने पुस्तक माळ्यावर फेकलं. दुसऱ्या दिवशी तो पहिल्यांदाच आमच्या दारात आला. रिकामी बादली दाखवत तिला म्हणाला, "चाल वं. तू वाचल्याबिगर म्हैस पान्हाच नाही सोडून राहिली."

ती पुस्तक काढायला आत पळाली. बादलीला आतून दुधाचा ताजा फेस चिकटलेला होता. मी तिकडे बघतोय हे त्याने पाहिलं आणि बादली पाठीमागे धरली.